पन्हळी खोका : बळ कागदाचे, वैर ओलाव्याशी

रायपूरच्या उरला, भनपुरी या औद्योगिक परिसरांतून माल परगावी पाठविताना पन्हळी पुठ्ठ्याचा खोका हा उद्योजकाचा मोठा आधार असतो. काचेच्या बाटल्या गुंडाळण्यासाठी अशा कागदाचे पेटंट अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी १८७१ साली घेतले.

वाफेने मऊ केलेला कागद दातेरी रुळांतून काढून त्यास पन्हळी पाडतात. स्टार्चच्या खळीने दोन्ही बाजूंस सपाट क्राफ्ट कागद चिकटविला की तीन पदरी पुठ्ठा तयार होतो. जड मालासाठी पाच वा सात पदरी पुठ्ठा घेतात. उभ्या पन्हळी खांबांप्रमाणे भार पेलतात. परंतु कागद ओलावा शोषतो आणि थप्पीतील तळाचा खोका प्रथम दबतो. म्हणून पावसाळ्यात खोके लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावेत. कर्जास तारण असलेल्या साठ्याचे मोलही त्यामुळेच टिकते.