क्वार्टेट कुठे आहे?

प्रश्न : माझ्या एस्टरच्या प्रोटॉन एनएमआरमध्ये ३:२:३ प्रमाणात सिंग्लेट, क्वार्टेट आणि ट्रिपलेट दिसतात. हे इथाइल ॲसिटेटच ना?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. मिथाइल प्रोपिओनेटचे रेणुसूत्र तेच, प्रोटॉनांचे प्रमाण तेच आणि विभाजनही तेच, कारण इथाइल गट दोघांतही आहे. विभाजनावरून शेजारी किती प्रोटॉन आहेत ते कळते. तो गट ऑक्सिजनला जोडलेला आहे की कार्बोनिलला, हे कळते सिग्नलच्या जागेवरून. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढून घेतो, लगतच्या प्रोटॉनांवरचे इलेक्ट्रॉनांचे आवरण विरळ होते आणि सिग्नल आलेखात डावीकडे सरकतो. ड्यूटेरोक्लोरोफॉर्ममध्ये इथाइल ॲसिटेटचा क्वार्टेट ४.१ पीपीएमजवळ येतो, सिंग्लेट २.०जवळ, मिथाइल प्रोपिओनेटचा क्वार्टेट २.३जवळ आणि सिंग्लेट ३.७जवळ. (ट्रिपलेट दोघांतही सव्वाच्या आसपास, त्याच्या नादी लागू नका.) द्रावक बदलला की आकडे हलतात, हा आक्षेप खरा आहे. पण ड्यूटेरोबेंझीनमध्येसुद्धा ते काही दशांशांनीच हलतात, आणि इथला फरक पावणेदोन पीपीएमच्या घरात आहे. तुमचा क्वार्टेट कितीला आला, तेच तुम्ही लिहिलेले नाही. तेवढे पाहून घ्या.