फटफटीचे दिवस
(ललित लेख)

प्रस्तावना

सरून गेलेल्या काळाची ओढ प्रत्येकाला कधी ना कधी वाटते. कोणाला शाळेची घंटा आठवते, कोणाला गिरणीचा भोंगा, तर कोणाला एखाद्या यंत्राचा आवाज. गतकाळाच्या आठवणींत असे रमण्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात लेखकाने आपल्या तरुणपणी रस्त्यांवर धावणाऱ्या टू-स्ट्रोक दुचाकींचे स्मरण केले आहे. मात्र तो केवळ आठवणींत रमत नाही. ज्या गोष्टीवर आपण प्रेम केले ती गोष्ट रस्त्यावरून का गेली, याचाही तो शोध घेतो.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
- टू-स्ट्रोक इंजिनाचे कार्य सोप्या शब्दांत सांगता येईल;
- स्मरणरंजन आणि वस्तुस्थिती यांतील फरक स्पष्ट करता येईल;
- अनुकरणवाचक शब्द ओळखता येतील व वापरता येतील;
- आपल्या आठवणीतील एखाद्या वस्तूविषयी परिच्छेद लिहिता येईल.

मूळ पाठ

मोटारसायकलला मराठी माणसाने दिलेले खरे नाव ‘फटफटी’. हे नाव कोणा पंडिताने घडवले नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या कानाने ते घडवले. आजच्या बहुतेक गाड्या फटफट करीत नाहीत. त्या हलकेच घुमतात आणि निघून जातात. १९८०च्या दशकात मात्र घरात बसून, केवळ आवाजावरून, दारावरून कोण गेले ते सांगता येत असे. पहाटे कॅन लटकवून जाणारा दूधवाला, दहाच्या सुमारास निघणारे कारकून, संध्याकाळी विनाकारण चौकाला फेऱ्या घालणारा तरुण – प्रत्येकाच्या गाडीचा सूर निराळा.

त्या गाड्यांची कुळेही निरनिराळी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटारसायकली तयार होऊ लागल्या. पुढे १९७३ मध्ये त्यांना ‘येझदी’ हे नाव मिळाले. इंजिनाला सिलिंडर एकच, पण धूर सोडायला दोन्ही बाजूंना दोन नळकांडी, असा तिचा थाट होता. किक मारायची दांडी पुढे वळवली की तीच गिअरची दांडी होई. नवख्या माणसाला हे कोडे उलगडत नसे. एस्कॉर्ट्स कंपनीची ‘राजदूत १७५’ पोलंडच्या गाडीवर बेतलेली होती. दिसायला ओबडधोबड, पण खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर ओझे वाहायला खंबीर. पुढे याच कंपनीने जपानच्या यामाहाच्या सहकार्याने १९८५ मध्ये ‘आरएक्स १००’ बाजारात आणली. इंजिन अवघे ९८ सीसीचे, शक्ती सुमारे ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. हलक्या अंगाच्या पैलवानासारखी ती क्षणात उसळी घेई. पुण्याजवळच्या आकुर्डीची ‘चेतक’ स्कूटर म्हणजे सबंध कुटुंबाचे वाहन : पुढे उभे मूल, मध्ये वडील, मागे कडेवर दुसरे मूल घेतलेली आई. ही स्कूटर मिळवण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आणि ज्यांना यांपैकी काहीच परवडत नसे, त्यांच्यासाठी पायडल मारून सुरू होणारी ‘लूना’ होतीच.

या साऱ्यांना जोडणारा धागा म्हणजे त्यांचे टू-स्ट्रोक इंजिन. पिस्टनचा वर किंवा खाली होणारा एक प्रवास म्हणजे एक स्ट्रोक. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनचे चार प्रवास झाल्यावर एकदा इंधनाचा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये दोनच प्रवासांनंतर. झडपांचा संसार नसल्यामुळे हे इंजिन सुटसुटीत, हलके, स्वस्त आणि आकाराच्या मानाने जोमदार असे. परंतु पेट्रोल व हवा यांचे मिश्रण इंजिनाच्या तळातूनच वर जाई. त्यामुळे तेथे वंगणाचा वेगळा साठा ठेवता येत नसे. तेल पेट्रोलबरोबरच द्यावे लागे. ते तेल जळे आणि त्याचा निळसर धूर मागे रेंगाळत राही. ज्याला आम्ही तरुणपणाचा सुगंध म्हणतो, तो या जळक्या तेलाचा वास होय.

या गाड्या माणसाकडून काही मागत असत. पेट्रोल भरताना तेलाचे प्रमाण लक्षात ठेवावे लागे. कमी पडले तर पिस्टन अडकून बसण्याची भीती, जास्त झाले तर प्लगवर काजळी. मग पान्याने प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारून पुन्हा बसवायचा. गाडी तरीही रुसली तर ढकलत नेऊन दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. शेजारचा कोणीतरी न बोलावता मागून हात लावी. शाळेची पायरी न चढलेली कितीतरी मुले गॅरेजमध्ये कान लावून इंजिनाचे दुखणे ओळखायला शिकली. त्या विद्येवर त्यांनी संसार उभे केले.

येथपर्यंतची आठवण गोड आहे. पण आठवणीला एक खोड असते. ती गाडीवर बसलेल्याची असते, मागे राहिलेल्याची नसते. जळलेले वायू बाहेर जात असतानाच ताजे मिश्रण आत येई आणि त्याचा बराचसा भाग न जळताच निसटून जाई. म्हणजे पेट्रोलचे पैसे धुरात जात आणि तो धूर दुसऱ्याच्या छातीत जाई. चौकात दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीस, पदपथावर भाजी विकणारी बाई, सिग्नलला थांबलेला सायकलस्वार यांना तो वास सुगंध वाटला असेल काय? त्यांच्या आठवणी कोणी विचारल्या नाहीत.

बदल आला तो प्रथम खिशाच्या वाटेने. १९८५ मध्येच हीरो होंडाची ‘सीडी १००’ ही फोर-स्ट्रोक गाडी आली. ती तितकी उसळत नव्हती. परंतु एका लिटरमध्ये पुष्कळ अधिक अंतर कापत होती. महिनाअखेरीचा हिशेब मांडणाऱ्या माणसाने आपला निर्णय घेतला. पाठोपाठ कायदा आला. १९९१ पासून नव्या वाहनांच्या धुरावर मर्यादा आल्या. १९९६ आणि २००० मध्ये त्या अधिक कडक झाल्या. त्या पाळणे टू-स्ट्रोक इंजिनाला उत्तरोत्तर अवघड होत गेले. आरएक्स १०० आणि येझदी, दोन्हींचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. पुढे जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये परतल्या, त्या फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन. चेतक २०२० मध्ये आली ती विजेवर चालणारी. नावे परत आली. आवाज मात्र परतला नाही.

तो परतू नये, हेच योग्य. तरीही एखादी जपलेली जुनी गाडी रस्त्याने गेली की मान वळते. मला वाटते, आपण शोधतो तो धूर नव्हे. हाताने उघडता येईल, कानाने समजेल, बंद पडले तर शेजाऱ्याला हाक मारायला लावील, असे यंत्र आपल्याला हवे असते. ते मागणे गैर नाही. पुढच्या काळातल्या, धूर न सोडणाऱ्या गाड्यांकडेही ते मागता येईल.

शब्दार्थ

कूळ – वंश, घराणे
ओबडधोबड – खडबडीत, सफाई नसलेले
वंगण – यंत्राचे घर्षण कमी करणारे तेल
काजळी – जळण्याने साचणारा काळा थर
खोड – वाईट सवय
उत्तरोत्तर – क्रमाक्रमाने अधिक

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा.
(अ) टू-स्ट्रोक गाड्यांचा धूर निळसर असे, कारण –
(१) झडपा गळत असत (२) पेट्रोलबरोबर तेलही जळे (३) इंजिन लहान असे
(आ) फोर-स्ट्रोक गाडीकडे लोक प्रथम वळले, कारण –
(१) ती वेगवान होती (२) कायद्याची सक्ती होती (३) इंधनाची बचत होत असे

२. एका वाक्यात उत्तर लिहा.
‘आठवणीला एक खोड असते,’ असे लेखक का म्हणतो?

आशय समजून घेऊ

लेखाची रचना लक्षात घ्या. आरंभी लेखक आवाज आणि वास यांच्या आधारे गतकाळ उभा करतो. मग ज्या वासावर त्याचे प्रेम आहे त्याचे शास्त्रीय कारण सांगतो. तेच कारण पुढे प्रदूषणाचा मुद्दा मांडताना उपयोगी पडते. भाजीवाली, पोलीस आणि सायकलस्वार यांचा उल्लेख येताच आपण गाडीवरून उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहतो. आठवणीचा गोडवा कायम ठेवूनही सत्य सांगता येते, हे या लेखाचे वैशिष्ट्य आहे.

भाषाभ्यास

ज्या शब्दांत ध्वनीचे अनुकरण असते, त्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. उदा. किणकिण, खळखळ, गडगडाट. ‘फटफट’ या ध्वनीपासून ‘फटफटी’ हे नाम तयार झाले.
पुढील शब्द वाक्यांत वापरा : कडकडाट, रिमझिम, सळसळ.

स्वाध्याय

१. ‘पेट्रोलचे पैसे धुरात जात आणि तो धूर दुसऱ्याच्या छातीत जाई,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
२. ‘नावे परत आली, आवाज मात्र परतला नाही,’ असे म्हणण्यामागील लेखकाचा भाव सांगा.
३. तुमच्या भागात पूर्वी वापरात असलेल्या व आता दिसेनाशा झालेल्या एका वस्तूविषयी दहा ओळी लिहा. तिचे गुण आणि ती मागे पडण्याचे कारण, दोन्ही नमूद करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) – (२), (आ) – (३)
२. कारण आठवण गाडीवर बसलेल्याचा आनंद जपते. मागे धूर सोसणाऱ्यांना ती विसरते.