स्वादुपिंडातील पुटी आणि नियमित तपासणीचे महत्त्व

जठराच्या मागे आडवी असलेली स्वादुपिंड ही सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी पाचकरस व इन्शुलिन तयार करते. या ग्रंथीत काही वेळा द्रवाने भरलेली पिशवी निर्माण होते. तिला पुटी म्हणतात. तिचा त्रास बहुधा जाणवत नाही. अन्य कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये ती अकस्मात आढळते आणि कुटुंब चिंतेत पडते. परंतु पुटी म्हणजे कर्करोग नव्हे.

पुटींचे प्रकार

स्वादुपिंडाच्या दाहानंतर होणारी आभासी पुटी कर्करोगात रूपांतरित होत नाही. पाण्यासारखा पातळ द्रव असलेली पुटीही जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते. चिकट श्लेष्म असलेल्या पुटींबाबत मात्र सावध राहावे लागते. त्यांतील एक प्रकार प्रामुख्याने मध्यमवयीन स्त्रियांत आढळतो. दुसरा ग्रंथीच्या नलिकांत वाढतो. मुख्य नलिका बाधित झाल्यास धोका अधिक असतो; केवळ उपनलिकेतील पुटीत तो बराच कमी असतो.

शस्त्रक्रिया की देखरेख?

नलिकांतील पुटींसाठी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्योटो मार्गदर्शक सूचनांनुसार पुटीमुळे झालेली कावीळ किंवा मुख्य नलिकेची १० मिलिमीटर वा अधिक रुंदी ही गंभीर चिन्हे होत. अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. पुटी ३ सेंटिमीटर वा अधिक मोठी असल्यास अथवा झपाट्याने वाढत असल्यास सखोल तपासणी आवश्यक ठरते. त्यासाठी दुर्बिणीद्वारे आतून सोनोग्राफी करतात व गरजेनुसार सुईने द्रव काढून तपासतात. अशी चिन्हे नसलेल्या, २ सेंटिमीटरपेक्षा लहान पुटीची ६ महिन्यांनी आणि बदल नसल्यास पुढे दर १८ महिन्यांनी तपासणी सुचविण्यात आली आहे.

स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया मोठी असून तिच्यानंतर मधुमेह वा पचनाच्या तक्रारी उद्भवू शकतात. म्हणूनच ती अकारण करू नये.

गावपातळीवरील साहाय्य

दुखत नाही म्हणून रुग्ण पुढील तपासणी विसरतो. प्रवासखर्च व बुडणारी मजुरी हीही कारणे असतात. शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशा रुग्णास तपासणीची तारीख लिहून ठेवण्यास व जुन्या फिल्म अहवालासह जपण्यास सांगावे, कारण जुन्या चित्राशी तुलना केल्यावरच वाढ कळते. धूम्रपान व मद्यपान सोडण्याचा आग्रह धरावा. कावीळ झाल्यास वा अकारण वजन घटल्यास झाडपाल्याच्या उपचारांत वेळ न दवडता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. वेळीच ओळखलेला बदल कर्करोग होण्यापूर्वी दूर करता येणे शक्य असते.