प्लॅब झाली, पण नोकरी?

प्रश्न: एमबीबीएस, इंटर्नशिप झाली. ब्रिटनमध्ये जायचं तर सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेपासून. एकूण 7.5 आणि प्रत्येक भागात किमान 7 गुण हवेत. मग प्लॅब, म्हणजे परदेशी डॉक्टरांसाठीची तिथली परीक्षा. तिचा पहिला भाग भारतात देता येतो, दुसरा मात्र मँचेस्टरलाच. तिथे नट रुग्ण बनून बसतात. तुम्ही त्यांचं ऐकता कसं, समजावता कसं, हे पाहिलं जातं. आपली हुशार मुलं अडखळतात ती इथेच. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे (जीएमसी) नोंदणीसाठी लागणारं इथल्या मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्र तीनच महिने चालतं, फार आधी काढू नका.

आणि जीएमसीची नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे. सध्या एकेका जागेला शेकडो अर्ज येतात, कामाचा व्हिसाही नोकरी मिळाल्यावरच. तोवर इथलं काम सोडू नका. ‘एनएचएसमध्ये (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत) चिकटवतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला तर दारातूनच वाटेला लावा.