गोड ज्वारी : काळा ठिपका दिसला की कोयता

हुरड्याचा दाणा जिभेवर गोड लागतो, म्हणून धाटही तेव्हाच गोडीला आले असेल, असा अनेकांचा समज असतो. खरे तर दाणा हुरड्यातून टणक होऊ लागला की त्याची गोडी पिष्टात मुरते आणि धाटातली साखर मात्र तेव्हाच भरत जाते. घाईने कापलेल्या पिकाचे बियाणे सुरकुततेच, रसही पाणचट निघतो.

कापणीची खूण
फुलोऱ्यानंतर साधारण ३५ ते ४० दिवसांनी पाहणी सुरू करा. कणीस वरून खाली पिकते, म्हणून बुडाकडचे दाणे काढा. दाणा जिथे कणसाला चिकटलेला असतो, तिथे काळा ठिपका दिसला की दाणा पूर्ण भरला. शेतातल्या आठ-दहा ताटांचा रस एकत्र करून ब्रिक्समीटरवर पाहा. १६ ते १८ ब्रिक्स म्हणजे चांगली गोडी.

परतीच्या पावसात काय करावे?
खरिपात खरी अडचण इथेच येते. भिजलेल्या कणसावर बुरशी धरते, दाणा काळवंडतो, कधी जागेवरच कोंब फुटतात. रसही पावसाने पातळ होतो. अशा वेळी पक्व कणसे आधी खुडून घ्या आणि धाटे उघडीप मिळेपर्यंत उभी ठेवा. मात्र आठवड्याहून जास्त नको. शेंडा गेल्यावर पेऱ्यांतून फुटवे निघतात आणि साखर त्यांच्याकडे जाते.

कापल्यानंतर
पाला सोलून धाटे त्याच दिवशी, फार तर २४ तासांत चरकात घाला. पडून राहिलेल्या धाटातली साखर मोडते, खोडकिड्याने पोखरलेल्या धाटाचा रस तर लवकर आंबतो. अशी धाटे वेगळी काढा. रस निघाला की लगेच कढईत ओता. या रसाची साखर नीट दाणेदार होत नाही, काकवी मात्र उत्तम होते.

बियाणे राखताना
सीएसएच २२ एसएससारख्या संकरित वाणाचे बी पुढच्या पेरणीला धरू नका. एसएसव्ही ८४ किंवा सीएसव्ही १९ एसएससारख्या सरळ वाणाचे धरा. काळा ठिपका येतो तेव्हा दाण्यात सुमारे ३० टक्के ओलावा असतो. म्हणून कणसे पातळ पसरून वाळवा, हलक्या हाताने मळा आणि ओलावा १२ टक्क्यांवर आल्यावरच पोती भरा. पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा. निदान ७५ उगवले, तर कापणीची वेळ साधली होती म्हणायची.