जुन्या फिलिंगची डागडुजी

सुपारीचे खांड किंवा भातातला खडा दाताखाली येतो आणि काही वर्षांपूर्वी भरलेल्या फिलिंगचा कोपरा उडतो. उरलेले फिलिंग घट्ट असते, दातही दुखत नसतो. अशा वेळी सगळे कोरून काढून दात नव्याने भरावा, की तुटलेला भाग तेवढा जोडावा? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु दाताचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. दाताच्या रंगाचे कंपोझिट दातापासून वेगळे ओळखणे अवघड असते. ते पूर्ण काढताना भोवतीचा निरोगी दातही थोडाफार कोरला जातो. असे दरवेळी झाले की खड्डा वाढत जातो, आणि इनॅमल पुन्हा उगवत नाही.

कंपोझिट म्हणजे राळेसारखे कृत्रिम द्रव्य व काचेचे सूक्ष्म कण यांचे मिश्रण. असे द्रव्य दाताला चिकटविण्याची वाट १९५५ साली अमेरिकेतील दंतशास्त्रज्ञ मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखविली. रंग नीट बसावा म्हणून धातूच्या पृष्ठभागाला आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी इनॅमलवर ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल अर्धा मिनिट लावून पाहिले. आता सुमारे ३७ टक्क्यांचे आम्ल पुरते. आम्लामुळे इनॅमलवर अतिसूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांत पातळ राळ शिरते व कडक झाल्यावर रुतून बसते.

जुन्या कंपोझिटची गोष्ट मात्र निराळी आहे. दात भरताना एका थरावर लगेच दुसरा थर दिला, तर तो सहज जुळतो. कारण हवेतील प्राणवायूमुळे पहिल्या थराचा पृष्ठभाग किंचित चिकट, अपुरा घट्ट राहिलेला असतो. तोंडात काही वर्षे काढलेल्या फिलिंगवर हा चिकटपणा उरत नाही. आम्लही तेथे फारसे चालत नाही. ते मळ तेवढा धुऊन काढते. म्हणून गवंडी जुन्या भिंतीला गिलावा करण्यापूर्वी ती टोचून घेतो, तसेच येथे करावे लागते. हिऱ्याच्या कणांच्या टोकाने किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक कणांच्या झोताने पृष्ठभाग खडबडीत करतात. या कामात सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. पुढे आम्लाने स्वच्छता होते. मग सिलेन लावतात. त्याचा रेणू एका टोकाने काचेच्या उघड्या पडलेल्या कणांना धरतो, तर दुसऱ्या टोकाने राळेला. त्यावर बाँडिंगचा पातळ थर, निळा प्रकाश आणि शेवटी नवे कंपोझिट.

हे सारे होत असताना लाळेचा स्पर्श झाला, तर श्रम वाया जातात. डॉक्टर तोंडात रबराचा पडदा किंवा कापसाच्या वळ्या ठेवतात, ते याचसाठी.

असा जोड बहुधा सलग भरणाइतका मजबूत नसतो. तरीही त्याला ठिगळ म्हणून हिणवणे योग्य नव्हे. पुष्कळ दातांना तो वर्षानुवर्षे पुरतो. फिलिंगच्या खाली कीड पसरली असेल किंवा सगळे फिलिंगच हलत असेल, तर मात्र ते काढून दात नव्यानेच भरावा लागतो.