ऐरणीसारखा ढग

वैशाख सरत आला की दुपारनंतर रत्नागिरीच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या बाजूला, ढगांचे डोंगर उभे राहू लागतात. सायंकाळी विजा कडाडतात आणि वळवाची सर कोसळते. अशा गडगडाटी ढगास शास्त्रज्ञ क्युम्युलोनिंबस म्हणतात.

हा ढग एवढा उंच का वाढतो? उन्हाने तापलेली दमट हवा हलकी होऊन वर चढते. वरच्या थंडाव्याने तिच्यातील बाष्पाचे जलकण होतात. त्या वेळी जी उष्णता बाहेर पडते, ती हवेला आणखी वर नेते. सुमारे ५ किलोमीटरच्या वर हिमकण व गारा तयार होतात. त्यांच्या टकरींमुळे ढगात विद्युत्भार साठतो व वीज चमकते. हवेचा प्रवाह फार जोराचा असेल, तर ढगाचा माथा १२ ते १६ किलोमीटरपर्यंत पोहोचतो आणि तेथे लोहाराच्या ऐरणीप्रमाणे पसरतो. म्हणून ढगाची उंची ही त्याच्या पोटातील प्रवाहाच्या बळाची खूण होय.

मात्र उंच ढग म्हणजेच पुष्कळ पाऊस, असे नव्हे. आषाढात रत्नागिरीस मुसळधार पाऊस पडतो, तरी विजा कमीच चमकतात. समुद्रावरून आलेले ते ढग बाष्पाने भरलेले असतात. पण वळवाच्या ढगांइतके ते बहुधा उंच नसतात.

प्रवासी विमाने साधारणतः १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जातात. गडगडाटी ढगाचा माथा पुष्कळदा त्यांच्याही वर असतो. ढगात वर चढणारे व खाली कोसळणारे प्रवाह अगदी जवळजवळ असल्याने विमानास जबर हिसके बसतात; गारांनी समोरच्या काचांना तडे जातात. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेले एक विमान उतरताना खवळलेल्या हवेत सापडले व अनेक प्रवासी जखमी झाले. ढगाच्या माथ्यावरील निरभ्र हवाही शांत असेलच असे नाही. म्हणून वैमानिक रडारच्या पडद्यावर असे ढग दुरूनच हेरतो व त्यांना वळसा घालतो. मुंबई व गोवा येथील हवामानखात्याची रडारेही अशा ढगांवर नजर ठेवून असतात.

बागेत आंबे उतरविणारा गडी गडगडाट ऐकताच झाडावरून खाली येतो व घर गाठतो. वैमानिकाचा वळसाही त्याच शहाणपणाचा आहे. त्यात वेळ जातो, इंधन खर्ची पडते. परंतु विमानातील सर्वजण सुखरूप घरी पोहोचतात.